प्लास्टिकचा कण आणि समुद्रातली हिरवी पेशी

हिरवी लाट (धागाकर्ती)

गेली काही वर्षं मी समुद्री सूक्ष्मशैवालं वाढवण्याचं काम करते. दिसायला काम साधं आहे. गाळून निर्जंतुक केलेलं समुद्राचं पाणी काचेच्या चंबूत घ्यायचं, त्यात एफ/२ नावाचं पोषकद्रावण मिसळायचं, डायटम (काचेसारखं कवच असलेली शैवालं) असतील तर वर सिलिकेट घालायचं, दिव्याखाली ठेवायचं आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. सकाळी चंबू हलवला की तळाशी बसलेला सोनेरी-तपकिरी थर धुरासारखा वर उठतो. तो थर म्हणजे लाखो जिवंत पेशी. इतके दिवस झाले तरी मला ते बघत राहावंसं वाटतं.

धागा काढायचं कारण म्हणजे फिरत असलेले दोन निरोप. एक म्हणतो, प्लास्टिकमुळे समुद्रातलं शैवाल मरतंय, आता आपला प्राणवायू संपणार. दुसरा म्हणतो, हे सगळं चंबूतलं, एवढ्या अफाट समुद्रात त्यानं काय फरक पडतो? मला दोन्ही पटत नाहीत. पेशी आणि कण यांच्यात प्रत्यक्ष काय घडतं ते यात कुठेच येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी आकाराचं बघू. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणायची पद्धत आहे. हा शब्द रूढ झाला तो २००४ साली रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या 'सायन्स'मधल्या लेखानंतर. आता पेशीकडे या. प्रोक्लोरोकॉकस हा सूक्ष्मजीव जेमतेम अर्धा-पाऊण मायक्रॉनचा, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डायटम दोन-चार मायक्रॉनपासून शेकडो मायक्रॉनपर्यंत. म्हणजे पाच मायक्रॉनच्या पेशीसमोर पाच मिलिमीटरचा तुकडा हजारपट मोठा. तिच्या दृष्टीनं ते बेट आहे, त्यावर वस्ती करता येते. एक मायक्रॉनचा कण मात्र तिच्या अंगाला चिकटतो. नॅनोमीटरमधला कण पेशीभित्तीपाशी जाऊन भिडतो. तिन्हींना आपण एकच नाव दिलंय आणि मग विचारतो, परिणाम होतो का?

याचं चांगलं उदाहरण म्हणजे स्केलेटोनेमा कॉस्टेटम या डायटमवरचा २०१७ सालचा प्रयोग. एक मायक्रॉनचे पीव्हीसीचे कण घातले तेव्हा ९६ तासांत वाढ ३९.७ टक्क्यांपर्यंत घटली. त्याच पीव्हीसीचे एक मिलिमीटरचे कण घातले तर काहीच झालं नाही. सगळ्यांना आधी वाटतं की कणांमुळे पाणी गढूळ होऊन उजेड अडत असेल. संशोधकांनी तेही तपासलं. सावलीचा वाटा नगण्य निघाला. कण पेशीला चिकटणं आणि दोघांचे मिळून गोळे होणं, दोष तिथे सापडला. हरितद्रव्य कमी झालं, प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता घसरली.

याच्या उलट बाजूलाही एक प्रयोग आहे, २०१६ सालचा. ड्युनालिएला टर्टिओलेक्टा हे कशाभिका असलेलं, म्हणजे पोहणारं हिरवं शैवाल. त्याला पॉलिस्टायरीनचे ०.०५, ०.५ आणि ६ मायक्रॉनचे मणी दिले. प्रकाशसंश्लेषणावर परिणाम दिसला नाही. वाढ ४५ टक्क्यांपर्यंत घटली खरी, पण लिटरला २५० मिलिग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेला. मणी जितका बारीक तितका परिणाम जास्त, एवढं मात्र स्पष्ट होतं.

दोन शैवालं, दोन प्लास्टिकं, दोन उत्तरं. पुढचं चर्चेत बोलू.

शाळामास्तर

धाग्याबद्दल मनापासून आभार. वाचनखूण साठवली. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो आणि प्राणवायूचं ते वाक्य मीही वर्गात बोललोय. "आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्रातून येतो" असं. ते चूक आहे का?

हिरवी लाट

मास्तर, अर्धं बरोबर आहे. पृथ्वीवर वर्षाला होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणातला जवळपास निम्मा वाटा समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अशा सूक्ष्म पेशींचा आहे. कार्बनमध्ये मोजलं तर वर्षाला सुमारे ५० अब्ज टन. आणि या सगळ्या पेशींचं एकत्रित वजन पृथ्वीवरच्या हिरव्या वनस्पतींच्या एक टक्काही भरत नाही. त्या फार भराभर जन्मतात आणि फार भराभर खाल्ल्या जातात, म्हणून हे जमतं.

पण त्यांनी सोडलेला बहुतेक प्राणवायू समुद्रातच श्वसनात आणि कुजण्यात परत खर्च होतो. हवेतला साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे. उद्या सगळं प्रकाशसंश्लेषण थांबलं तरी तो साठा हजारो वर्षं पुरेल. उपासमार त्याच्या कितीतरी आधी होईल. तेव्हा वर्गात श्वासाऐवजी घासाबद्दल सांगा, असं मी म्हणेन. समुद्रातल्या जवळजवळ प्रत्येक माशाचा पहिला घास ही पेशी आहे.

पॉलिमरवाला

मी प्लास्टिक उद्योगात काम केलेला माणूस आहे, त्यामुळे माझं म्हणणं कुणाला पक्षपाती वाटलं तर समजू शकतो. पण मुद्दा मांडतोच. लिटरला २५० मिलिग्रॅम प्लास्टिक कुठल्या समुद्रात असतं? २०१६ साली लेन्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की प्रयोगांतल्या मात्रा प्रत्यक्ष समुद्रात मोजलेल्या मात्रांच्या शंभरपट ते एक कोटीपट आहेत. एवढ्या मात्रेला साधी माती घातली तरी शैवालाला त्रास होईल.

दुसरं, प्रयोगात वापरतात ते पॉलिस्टायरीनचे गुळगुळीत गोल मणी. समुद्रात असतात धागे, पापुद्रे, उन्हानं चिरफळलेले तुकडे. चाचणी एकाची आणि निकाल दुसऱ्याला, असं होतंय.

हिरवी लाट

पॉलिमरवाला, तुमचे दोन्ही मुद्दे रास्त आहेत, आणि दुसऱ्यात मी माझा अनुभव जोडते.

माझ्या सुरुवातीच्या एका प्रयोगात मणी घातल्यावर दोन दिवसांत डायटमची वाढ जवळपास थांबली. आम्ही सगळे हललो. आलेख काढून झाले, मांडणीही ठरली. मग गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "मणी ज्या पाण्यात आले, ते नुसतं पाणी घालून पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. मणी जिवाणूंनी खराब होऊ नयेत म्हणून त्या द्रावणात सोडियम अझाइड घातलेलं असतं, आणि ते पेशीच्या श्वसनावरच घाव घालतं. मणी पारपटलातून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून, पुन्हापुन्हा धुऊन घेतले आणि प्रयोग परत लावला. वाढ पूर्ववत. आधी दिसलेला बहुतेक परिणाम प्लास्टिकचा नव्हताच.

पुढे २०१९ साली पाणपिसू या गोड्या पाण्यातल्या बारीक जिवावरच्या अभ्यासात नेमकं हेच छापून आलं. विकतच्या मण्यांतली परिरक्षकं निकाल बिघडवतात. तेव्हापासून कुठलाही शोधनिबंध हातात आला की मी आधी बघते, मणी धुतले होते का आणि मण्यांशिवायचं द्रावण वेगळं तपासलं होतं का. अनेक जुन्या निबंधांत या दोन ओळी सापडत नाहीत.

मात्रेबद्दल मात्र एक सांगायचंय. समुद्रातलं प्लास्टिक मोजायला बरीच वर्षं जे जाळं ओढलं जातं त्याची वीण साधारण ३३३ मायक्रॉनची असते. म्हणजे पेशीच्या आकाराचे सगळे कण त्यातून निसटून जातात. जे कण शैवालाला सर्वांत जास्त जाचतात, तेच आपण सर्वांत कमी मोजले. तुम्ही म्हणता तो शंभरपट ते कोटीपट फरक वजनाचा आकडा म्हणून खरा आहे, पण त्यातलं एक टोक अशा जाळ्यावर उभं आहे.

खारा वारा

मी कालवांच्या पिलांसाठी शैवाल वाढवणाऱ्या केंद्रात बरीच वर्षं काम केलं. तिथे दिवसाला पिंपंच्या पिंपं शैवाल लागतं, पिलांना दुसरं काही चालत नाही.

आमच्याकडे एक नियम होता: नवी नळी, नवी टाकी, नवी पिशवी थेट वापरायची नाही. आधी पाण्यात भिजत घालायची, पाणी फेकायचं, परत भिजवायची. एकदा घाईत नवी पीव्हीसीची नळी तशीच जोडली गेली. तिसऱ्या दिवशी आयसोक्रायसिस या शैवालाचा सोनेरी रंग उतरून पाणी मळकट झालं, पेशी तळाशी. जुन्या नळीवरच्या टाक्या ठणठणीत. कुठलाही कण पाण्यात नव्हता. नळीतून जे सुटलं त्यानंच केलं असणार, असं आम्ही धरून चाललो.

तेव्हा कणाबरोबर प्लास्टिकच्या अर्काबद्दलही लिहा, ही विनंती.

हिरवी लाट

खारा वारा, फार महत्त्वाचं बोललात. हे मूळ लेखातच यायला हवं होतं.

प्लास्टिक म्हणजे नुसता पॉलिमर नसतो. मऊपणासाठी, रंगासाठी, उन्हापासून टिकण्यासाठी, आग लागू नये म्हणून त्यात कितीतरी रसायनं घातलेली असतात. त्यातली बरीचशी पॉलिमरच्या साखळीला रासायनिक बंधानं जोडलेली नसतात, नुसती आत अडकून असतात. पाण्यात हळूहळू बाहेर येतात. पीव्हीसीत मऊपणा आणणारी द्रव्यं तर भरपूर असतात.

२०१९ साली प्रोक्लोरोकॉकसवर असा अर्क तपासला गेला. एक अर्क पॉलिथिनच्या पिशव्यांचा, दुसरा पीव्हीसीच्या चटईचा. दोन्हींनी वाढ मंदावली, प्राणवायूची निर्मिती घटली, जनुकांचं कामकाज बदललं. प्रोक्लोरोकॉकस काटेकोर अर्थानं शैवाल नाही, तो नीलहरित जिवाणू. पण पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणाऱ्यांत संख्येनं तोच सर्वांत जास्त. त्याचा शोधसुद्धा १९८० च्या दशकात लागला, इतका तो बारीक.

त्या अर्काची तीव्रताही खुल्या समुद्रापेक्षा जास्तच होती, हे पॉलिमरवाला सांगण्याआधी मीच सांगते. पण बंदरं, खाड्या, जिथे पाणी कोंडतं अशा जागा यांचा हिशोब वेगळा लागेल.

पॉलिमरवाला

मान्य. अर्काच्या बाबतीत मला वाद घालायचा नाही. उद्योगात आम्हाला "स्थलांतर" (प्लास्टिकमधली रसायनं बाहेर उतरणं) हा शब्द रोजचा, अन्नाच्या वेष्टनासाठी त्याच्या चाचण्या सक्तीच्या असतात. तीच काळजी शैवालासाठी कुणी घेतली नाही, हे खरं आहे.

निळाई

मी सागरी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. इथवरची सगळी चर्चा "पेशी मरते की नाही" यावर आहे. मला वाटतं, पेशी अजिबात मेली नाही तरी मोठी गडबड होऊ शकते. ती म्हणजे बुडण्याची.

शैवालं अंगातून चिकट शर्करा सोडतात. बहर ओसरताना ती वाढते, पेशी एकमेकींना चिकटून पुंजके होतात आणि ते खाली बसतात. मेलेल्या पेशी, विष्ठा, चिकटा यांचा हा पाऊस अखंड चालू असतो, त्याला सागरी हिम म्हणतात. हवेतला कार्बन खोल समुद्रात जातो तो बराचसा याच वाटेनं. आता त्या चिकट्यात प्लास्टिकचे कण अडकले तर?

२०१५ साली हेच करून पाहिलं. दोन मायक्रॉनचे पॉलिस्टायरीनचे मणी, आणि दोन शैवालं: कीटोसेरॉस नावाचा डायटम आणि ऱ्होडोमोनास. एकटा मणी जवळजवळ बुडतच नाही. पुंजक्यात अडकल्यावर तोच मणी दिवसाला शेकडो मीटर खाली जाऊ लागला. पण पुंजक्याचं काय झालं? डायटमचा पुंजका मण्यांमुळे बराच हळू बुडू लागला, ऱ्होडोमोनासचा उलट जास्त वेगानं. म्हणजे शैवाल प्लास्टिकला खाली नेतं, आणि प्लास्टिक शैवालाचा वेग बदलतं.

पुंजका हळू बुडाला की वाटेत जिवाणूंना तो खायला जास्त वेळ मिळतो आणि त्यातला कार्बन वरच्या थरातच विरघळतो. मला यात सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण वाढ मोजणाऱ्या ७२ किंवा ९६ तासांच्या चाचणीत हे दिसतच नाही. चंबूला खोली कुठे असते?

हिरवी लाट

निळाई, टाळ्या! मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि मी ते आकारातच घालवलं.

यात खाणाऱ्यांचीही भर घाला. कोपेपॉड म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान कवचधारी जीव, शैवालाचे मोठे भोक्ते. त्यांच्या पाण्यात शैवालाबरोबर प्लास्टिकचे मणी होते तेव्हा त्यांच्या पोटात जाणारा कार्बन ४० टक्क्यांनी घटला. पेशींची संख्या तेवढी घटली नव्हती, ते लहान पेशींकडे वळले होते. मणी असलेली त्यांची विष्ठासुद्धा निम्म्याहून कमी वेगानं बुडते, हे २०१६ साली दिसलं. म्हणजे शैवालाच्या वाटेवर प्रत्येक वळणाला प्लास्टिकचा थोडाथोडा हात लागतोय.

निळाई

आणि उत्तर ध्रुवाचं विसरू नका. तिथे बर्फाच्या खालच्या बाजूला मेलोसिरा आर्क्टिका नावाचं डायटम लांबलचक लोंबत्या झुपक्यांत वाढतं. २०२३ साली जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतल्या संशोधकांनी त्या झुपक्यांत घनमीटरला सरासरी ३१,००० प्लास्टिककण मोजले. आसपासच्या पाण्याच्या दहापट. त्यातले ९४ टक्के दहा मायक्रॉनपेक्षा लहान. बर्फ वितळला की हे झुपके सरळ हजारो मीटर खाली तळाशी जाऊन पडतात आणि तळाचे जीव त्यावर तुटून पडतात.

पॉलिमरवाला, हा आकडा चंबूतला नाही.

पॉलिमरवाला

वाचला. दहा मायक्रॉनपेक्षा लहान हे वाचून थांबलो. वर जाळ्याच्या विणीबद्दल लिहिलंय त्याचा अर्थ आता नीट कळला.

सहजच

मी आतापर्यंत नुसती वाचत होते. एक शंका: पहिल्या लेखात "बेटावर वस्ती" म्हटलंय. मग मोठ्या तुकड्यांमुळे काही शैवालांचा फायदाच होत असेल ना?

हिरवी लाट

होतो. १९७२ साली कार्पेंटर आणि स्मिथ यांनी सारगासो समुद्रात प्लास्टिकच्या गोळ्या तरंगताना पाहिल्या, तेव्हाच त्यांवर डायटम चिकटलेले नोंदवले आहेत. म्हणजे हा विषय आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे. २०१३ मध्ये या वस्तीला "प्लास्टिस्फिअर" असं नाव मिळालं.

पण वस्ती कुणाची होते ते बघायला हवं. २००३ साली स्पेनच्या कॅटलान किनाऱ्यावर तरंगत्या प्लास्टिकवर ऑस्ट्रिऑप्सिस, कूलिया आणि अलेक्झांड्रियमच्या पेशी सापडल्या. या कुळांत विषारी बहर आणणाऱ्या जाती आहेत. लाकूड कुजतं, पान सडतं. प्लास्टिक वर्षानुवर्षं तरंगतं आणि असा प्रवासी कुठल्या कुठे नेऊन सोडू शकतं.

शिवाय वस्ती वाढली की तुकडा जड होतो. पॉलिथिन पाण्याहून हलकं, समुद्राच्या पाण्याची घनता मिलिलिटरला सुमारे १.०२५ ग्रॅम. शैवालाचा थर चढला की ते बुडू लागतं, खाली अंधारात शैवाल मरतं, थर झडतो, तुकडा पुन्हा वर. अशी वरखाली ये-जा होत असावी, असं २०१७ सालच्या गणिती प्रतिकृतीत मांडलंय.

अवांतर: त्या थरातल्या शैवालामुळे प्लास्टिकला डायमिथाइल सल्फाइडचा वास येतो. काही समुद्रपक्षी याच वासावरून अन्न शोधतात. २०१६ साली हे दाखवलं गेलं, आणि पक्ष्यांच्या पोटात प्लास्टिक का सापडतं याचं एक उत्तर त्यातून मिळालं. पिलाला भरवायला निघालेल्या पक्ष्याला शैवालाच्या वासानंच फसवावं, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

प्रश्नचिन्ह

२०२५ मध्ये बातमी होती की प्लास्टिकमुळे जगातलं प्रकाशसंश्लेषण ७ ते १२ टक्क्यांनी घटलंय. यावर धागाकर्तीचं मत?

हिरवी लाट

तो अभ्यास म्हणजे आधीच्या तीन हजारांहून अधिक नोंदींचं एकत्रित विश्लेषण. जमिनीवरच्या वनस्पती, गोड्या पाण्यातलं आणि समुद्रातलं शैवाल, सगळं त्यात आहे. मेहनत मोठी आहे आणि दिशा मला पटते. पण ज्या नोंदी एकत्र केल्या त्यांतल्या अनेक वर चर्चा झालेल्या चंबूंतल्याच आहेत: जास्त मात्रा, गोल मणी, काही न धुतलेले. कच्च्या विटा कितीही रचल्या तरी भिंत पक्की होत नाही. म्हणून मी तो आकडा कुणाला छातीठोकपणे सांगत नाही. त्याऐवजी मेलोसिराचा सांगते.

खारा वारा

उपायांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडं. समुद्रातून दहा मायक्रॉनचा कण गाळून काढता येणार नाही. गाळणीत आधी शैवालच अडकेल, मीच रोज ते करत होतो! म्हणजे आवर घालायचा तो उगमापाशीच. युरोपीय संघानं २०२३ साली उत्पादनांत मुद्दाम घातलेल्या बारीक प्लास्टिककणांवर निर्बंध आणले, ते चांगलं झालं. जागतिक करारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात बसलेली बैठक मात्र एकमत न होता उठली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शाळामास्तर

मुलांना हे दाखवायचं आहे. शाळेत साधा सूक्ष्मदर्शक आहे. समुद्राच्या पाण्यात प्लास्टिक आणि शैवाल एकत्र दिसेल का? कुठेतरी नाइल रेड नावाच्या रंगाबद्दल वाचलं, त्यानं प्लास्टिक चमकतं म्हणे.

हिरवी लाट

मास्तर, दिसेल, पण जपून. नाइल रेड तेलकट पृष्ठभागाला धरतो, म्हणून निळ्या उजेडात नारिंगी काचेतून पाहिलं की प्लास्टिक चमकतं. अडचण अशी की शैवालातला तेलाचा थेंबही तसाच चमकतो. आम्ही शैवालातलं तेल मोजायला हाच रंग वापरतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला डायटमही प्लास्टिक वाटतो.

म्हणून नमुन्याचे दोन भाग करा. एक तसाच ठेवा, त्यात मुलांना जिवंत शैवाल दाखवा. त्याला रंग लावू नका, डायटम हळूहळू सरकताना दिसतील. दुसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून काही दिवस झाकून ठेवा, म्हणजे पेशींतलं सेंद्रिय द्रव्य विरून डायटमची रिकामी काचेची कवचं उरतील. पेरॉक्साइड तुम्हीच हाताळा, हातमोजे आणि चष्मा घालून. मग रंग लावा. रंगाच्या पाण्याचा एक कोरा नमुनाही बाजूला ठेवा, कारण कपड्यांचे धागे हवेतून पडतातच. मुलांना त्या दिवशी सुती कपडे घालून यायला सांगा.

कोऱ्या नमुन्यात काय सापडलं ते इथे नक्की लिहा.